गृहस्थ एकनाथ : एका धाडसी घराची आठवण

संत एकनाथ (१५३३–१५९९) हे पैठणचे गृहस्थ संत. महाराष्ट्राच्या संतपरंपरेत त्यांची ओळख भागवतकार, भारुडकार आणि ज्ञानेश्वरीचे संशोधक अशी आहे. पैठण आणि आसपासच्या गावांत मात्र त्यांची आठवण आधी घरातल्या माणसाची म्हणून निघते. आजी-आजोबांनी वाढवलेला पोरका नातू, गिरिजाबाईंचा नवरा, हरिपंडितांचे वडील आणि कवी मुक्तेश्वरांचे आजोबा ही त्यांची नाती लोकांना त्यांच्या ग्रंथांइतकीच पाठ आहेत. नाथांनी संसार सोडला नाही. त्यांच्या आयुष्यातली मोठी धाडसे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, श्राद्धाच्या पानावर आणि बाप-लेकाच्या वादात घडली. म्हणूनच चारशेहून अधिक वर्षांनंतरही त्यांच्या आठवणीला घरपण आहे.

हा सारा इतिहास बहुतांशी आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातच घडला. उत्तरेला देवगिरी म्हणजे दौलताबादचा किल्ला, त्याच्या जवळ खुलताबाद आणि शूलिभंजनाचा डोंगर, पश्चिमेला वैजापूर, दक्षिणेला गोदाकाठचे पैठण. छत्रपती संभाजीनगर शहरातून पैठणकडे निघालेल्या रस्त्यावर चितेगाव, बिडकीन, ढोरकीन ही गावे ओळीने लागतात. फाल्गुन महिना लागला की याच रस्त्याने टाळ-मृदंगाच्या गजरात दिंड्या पैठणकडे जाताना दिसतात. त्या नाथांच्या पुण्यतिथीला, म्हणजे नाथषष्ठीला निघालेल्या असतात.

पणजोबांचा वारसा

नाथांच्या घराण्याची कथा त्यांचे पणजोबा भानुदास यांच्यापासून सुरू होते. भानुदास हे पैठणचे विठ्ठलभक्त. विजयनगरच्या राजाने पंढरपूरची विठ्ठलमूर्ती आपल्या राजधानीत नेली होती आणि ती भानुदासांनी परत आणली, अशी वारकरी परंपरेची श्रद्धा आहे. तुंगभद्रेच्या काठावरच्या परक्या राजधानीत एकट्याने जायचे, राजाच्या रोषाला तोंड द्यायचे आणि देव घेऊन परतायचे, हे त्या काळातले मोठेच धाडस. पंढरपूरच्या मंदिरात भानुदासांची समाधी आहे. आषाढीला लाखो वारकरी मंदिरात येतात, तेव्हा या घराण्याच्या मूळपुरुषाचे स्मरण तिथेही होते.

भानुदासांचा मुलगा चक्रपाणी, चक्रपाणींचा मुलगा सूर्यनारायण आणि सूर्यनारायण व रुक्मिणीबाई यांचा मुलगा एकनाथ. नाथ तान्हे असतानाच त्यांचे आई-वडील वारले. मुलाचा जन्म मूळ नक्षत्रावर झाला म्हणून असे घडले, असे म्हणायची त्या काळी रीत होती. आजोबा चक्रपाणी आणि आजी सरस्वतीबाई यांनी मात्र या पोराला अपशकुनी मानले नाही. मुलगा आणि सून गेल्याचे दुःख गिळून त्यांनी नातवाला पोटाशी धरले, त्याची मुंज केली, त्याला शिक्षण दिले. नाथांच्या चरित्रातले हे पहिले महत्त्वाचे नाते. ज्या मुलाला वडिलांचा चेहराही आठवत नव्हता, त्याला वडिलांची माया आजोबांकडून मिळाली.

देवगिरीची वाट

नाथांचे पहिले धाडस बालपणीच घडले. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास, घरी कोणाला न सांगता, ते गुरूच्या शोधात पैठणहून देवगिरीला गेले. हे अंतर पन्नास किलोमीटरहून अधिक. देवगिरीचा किल्ला तेव्हा निजामशाहीत होता आणि तिथे जनार्दनस्वामी हे अधिकारी होते. स्वामी मूळचे चाळीसगावचे. दिवसभर किल्ल्याचा कारभार आणि पहाटे दत्तोपासना असा त्यांचा दिनक्रम होता. नोकरी, संसार आणि साधना एकाच आयुष्यात सांभाळता येतात, हे नाथांनी प्रथम पाहिले ते गुरूच्या घरी. पुढे पैठणला त्यांनी जे घर उभे केले, त्याचा नमुना हाच.

देवगिरीच्या वास्तव्यातल्या दोन कथा कीर्तनांतून घरोघरी पोचल्या आहेत. पहिली हिशेबाची. स्वामींनी नाथांकडे हिशेब लिहायचे काम सोपवले होते. एका रात्री ताळा जमेना, एका पैचा फरक येत होता. नाथ दिवा घेऊन वह्या तपासत बसले. रात्र सरत आली तेव्हा चूक सापडली आणि आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. त्या आवाजाने स्वामी जागे झाले. एका पैसाठी जे चित्त रात्रभर एकाग्र राहू शकते, ते देवाकडे लागले तर काय होईल, असे स्वामींनी त्यांना समजावले, असे कथा सांगते.

दुसरी कथा लढाईची. जनार्दनस्वामी ध्यानाला बसलेले असताना किल्ल्यावर शत्रू चालून आला. गुरूंचे ध्यान मोडायचे नाही आणि किल्लाही राखायचा, असा पेच होता. नाथांनी स्वामींचा पोशाख चढवला, शस्त्रे घेतली, घोड्यावर बसले आणि फौजेच्या पुढे होऊन हल्ला परतवून लावला. परत आल्यावर पोशाख आणि शस्त्रे होती तशी जागेवर ठेवली आणि ते आपल्या कामाला लागले. घडलेला प्रकार स्वामींना मागाहून इतरांकडून कळला. पराक्रम करून गप्प राहणे हा नाथांच्या स्वभावाचा विशेष या कथेतून पुढच्या पिढ्यांच्या मनात ठसला.

पुढे स्वामींच्या आज्ञेने नाथांनी शूलिभंजनाच्या डोंगरावर तप केले. मग गुरूंबरोबर नाशिक-त्र्यंबकेश्वरची यात्रा केली. याच यात्रेत त्यांनी 'चतुःश्लोकी भागवत' ही आपली पहिली मराठी टीका लिहिली. त्यानंतर ते एकटेच दूरच्या तीर्थयात्रेला निघाले.

आजोबांच्या हातातले पत्र

नातू घर सोडून गेल्यावर चक्रपाणी आणि सरस्वतीबाई यांनी त्याचा शोध सोडला नव्हता. नाथ देवगिरीला होते हे कळल्यावर आजोबा तिथे पोचले, पण तोपर्यंत नाथ यात्रेला गेले होते. चक्रपाणींनी जनार्दनस्वामींकडून नाथांच्या नावे एक आज्ञापत्र लिहून घेतले. पैठणला राहावे, लग्न करावे आणि आजी-आजोबांना सांभाळावे, असा त्याचा आशय होता.

यात्रा संपवून नाथ पैठणला आले तेही थेट घरी गेले नाहीत, गावाबाहेर उतरले. म्हाताऱ्या आजोबांना खबर लागली. ते आजीला घेऊन गेले आणि गुरूंचे पत्र त्यांनी नातवाच्या हातात ठेवले. पत्र वाचून नाथ तिथेच थांबले. एक पाऊलही पुढे टाकले नाही आणि जिथे पत्र मिळाले तिथेच त्यांचे घर उभे राहिले, असे परंपरा सांगते. साधूच्या वाटेने निघालेला मुलगा आजोबांच्या मायेमुळे आणि गुरूंच्या शब्दामुळे गृहस्थ झाला. आजी-आजोबांनी डोळे मिटेपर्यंत नातवाचा संसार पाहिला.

नाथांचे लग्न गिरिजाबाईंशी झाले. त्यांचे माहेर वैजापूरचे, असे सांगितले जाते. नाथांच्या घराचे श्रेय सांगताना चरित्रकार गिरिजाबाईंचे नाव नेहमी बरोबरीने घेतात. अवेळी आलेला पाहुणा, उपाशी वाटसरू, कीर्तनाला आलेली माणसे या सर्वांच्या पानाची काळजी त्यांनी वाहिली. उद्धव नावाचा विश्वासू सहकारी घरची व्यवस्था पाहत असे. पहाटे स्नान-संध्या, मग भागवत किंवा ज्ञानेश्वरीचे वाचन, दुपारी अतिथींसह भोजन, नंतर पुराण आणि रात्री कीर्तन असा या घराचा दिवस होता. पाहुणा जेवल्याशिवाय यजमान पानावर बसत नसे.

या घरातल्या मायेची सर्वांत गोड कथा गावबाची. गावबा हा पैठणचाच, मंद समजला जाणारा मुलगा. त्याला पुरणपोळी अतिशय आवडे आणि तिच्यासाठी तो आईकडे सारखा हट्ट धरी. गरीब आई मेटाकुटीला आली आणि तिने त्याला नाथांच्या घरी आणून सोडले. गिरिजाबाईंनी त्याला रोज पुरणपोळी द्यायचे कबूल केले आणि पोटच्या पोरासारखे वाढवले. मंत्र शिकवायला गेल्यावर या मुलाच्या तोंडून एकनाथ या नावाशिवाय दुसरे काही निघेना. नाथांचे अखेरचे पुस्तक 'भावार्थ रामायण' युद्धकांडाच्या चव्वेचाळीस अध्यायांपर्यंत येऊन थांबले, तेव्हा उरलेला भाग याच गावबाने पुरा केला, असे मानले जाते. पुरणपोळीसाठी आलेले पोर घरात राहिले आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे अपुरे काम त्याने हातावेगळे केले.

वडिलांचे श्राद्ध

दिवंगत वडिलांचे आणि आजोबांचे स्मरण करण्याची महाराष्ट्रातली रूढ रीत म्हणजे श्राद्ध. तिथीला स्वयंपाक करायचा, पितरांच्या नावाने ब्राह्मणांना जेवू घालायचे, पिंड द्यायचे. भाद्रपदाच्या वद्य पक्षात, पितृपंधरवड्यात, आजही घरोघरी वडील, आजोबा आणि पणजोबा अशा तीन पिढ्यांची नावे घेतली जातात. नाथांच्या चरित्रातला सर्वांत धाडसी प्रसंग अशाच एका श्राद्धाच्या दिवशी घडला.

घरात श्राद्धाचा स्वयंपाक तयार होता. तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतले एक कुटुंब घरामागच्या वाटेने जात होते. अन्नाचा वास आला आणि बरोबरच्या लेकरांना भूक आवरेना. असले अन्न आपल्या नशिबी कुठले, असे त्यांचे बोलणे नाथांच्या कानावर पडले. नाथांनी आणि गिरिजाबाईंनी त्यांना बोलावून तयार स्वयंपाक पोटभर वाढला. मग घर सारवून, भांडी घासून श्राद्धासाठी पुन्हा नव्याने चूल पेटवली. निमंत्रित ब्राह्मणांना हे कळले आणि त्यांनी जेवायला यायचे नाकारले. नाथांनी पाने मांडली आणि पितरांना आवाहन केले. तेव्हा पितर स्वतः येऊन जेवले, अशी कथा आहे.

चमत्कार बाजूला ठेवला तरी या कथेचा अर्थ ठसठशीत उरतो. ज्या वडिलांचा चेहराही नाथांना आठवत नव्हता, त्यांची आठवण त्यांनी भुकेल्या माणसाच्या पोटातून जपली. सोळाव्या शतकातल्या पैठणमध्ये, धर्मशास्त्राचे निवाडे देणाऱ्या पंडितांच्या गावात, हे करायला लढाईपेक्षा कमी हिंमत लागत नव्हती. लढाईत शत्रू बाहेरचा असतो. इथे आपलेच शेजारी आणि सोयरे वाळीत टाकतील, ही भीती होती.

अशाच स्वरूपाचे दुसरे प्रसंगही लोकांच्या स्मरणात आहेत. भर दुपारी गोदावरीच्या तापलेल्या वाळूत एक लेकरू रडत होते. त्याची आई पुढे निघून गेली होती. जातपात न पाहता नाथांनी ते कडेवर घेतले, त्याचे नाक-डोळे पुसले आणि त्याला त्याच्या घरी नेऊन पोचवले. काशीहून रामेश्वराला वाहायला आणलेली गंगेची कावड त्यांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी लावली, हीही कथा शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोचली आहे. या कथांतले नाथ उपदेश करताना दिसत नाहीत. आधी ते वाकतात आणि उचलून घेतात.

मराठीसाठी काशी

घर सांभाळतानाच नाथांनी मराठीसाठीही मोठी जोखीम पत्करली. भागवताच्या अकराव्या स्कंधावरची मराठी टीका त्यांनी पैठणला लिहायला घेतली. संस्कृतातले ज्ञान मराठीत आणल्याने काशीचे पंडित नाराज झाले आणि नाथांना तिथे जाऊन उत्तर द्यावे लागले, असे चरित्रकार सांगतात. नाथ काशीला राहिले. 'रुक्मिणीस्वयंवर' हे काव्य त्यांनी १५७१ मध्ये पूर्ण केले आणि भागवताची टीका १५७३ मध्ये काशीतच हातावेगळी केली. एकतीस अध्याय आणि सुमारे १८,८०० ओव्यांचा हा ग्रंथ 'एकनाथी भागवत' म्हणून ओळखला जातो. ज्या ग्रंथाला विरोध झाला, त्याचीच पुढे काशीत मिरवणूक निघाली, असे परंपरा मानते. ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा आणि हा ग्रंथ मिळून वारकऱ्यांची प्रस्थानत्रयी होते.

त्यानंतरचे मोठे काम ज्ञानेश्वरीचे. जवळजवळ तीनशे वर्षांत नकलाकारांच्या हातून पाठ बदलले होते, चुका शिरल्या होत्या. नाथांनी आळंदीला जाऊन ज्ञानेश्वरांच्या समाधीचे दर्शन घेतले, जुन्या प्रती जमवल्या आणि १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. त्यात कोणी आपल्या पदरची ओवी घालू नये, असा इशाराही दिला. आपल्या आधीच्या माणसाचे शब्द त्याचे म्हणूनच जपायचे, ही नाथांची शिस्त. पूर्वजांच्या आठवणीलाही हीच शिस्त लागू होते.

भारुडांत तर नाथांनी सगळे गाव आणि सगळे घर उभे केले. वासुदेव, जोशी, पांगुळ, गोंधळी ही दारावर येणारी माणसे त्यांच्या भारुडांत बोलतात. तशीच सासू-सून, नवरा-बायको यांची घरातली भांडणेही. सुमारे तीनशे भारुडे त्यांच्या नावावर आहेत. ज्याने संसार जवळून पाहिला, त्यालाच सासुरवाशिणीच्या तोंडी अध्यात्म घालता येते. अभंगांच्या शेवटी नाथांनी आपल्या नावाला गुरूंचे नाव जोडले. स्वतःची सही करतानाही त्यांनी आधीच्या पिढीची आठवण सोडली नाही.

बाप आणि लेक

नाथांना दोन मुली आणि एक मुलगा. मुलगा हरी हा मोठा संस्कृत विद्वान झाला आणि हरिपंडित म्हणून प्रसिद्ध पावला. वडिलांचे मराठीत पुराण सांगणे आणि कोणाच्याही घरचे अन्न खाणे त्याला मान्य नव्हते. मतभेद वाढले आणि हरिपंडित बायको-मुलांसह काशीला निघून गेला.

नाथांच्या आयुष्यातली ही सर्वांत अवघड घटना. ज्या काशीत त्यांच्या मराठी ग्रंथाचा सन्मान झाला, तिथेच मुलगा वडिलांच्या मराठीवर रुसून बसला. काही काळाने नाथ स्वतः काशीला गेले आणि मुलाची समजूत घालू लागले. हरिपंडिताने दोन अटी घातल्या : यापुढे मराठीत पुराण सांगायचे नाही आणि परान्न घ्यायचे नाही. नाथांनी दोन्ही मान्य केल्या. पंडितांपुढे न झुकलेला हा माणूस मुलासाठी झुकला. सून-नातवंडे परत घरी आली. हरिपंडित पुराण सांगू लागला आणि हळूहळू ऐकणाऱ्यांची गर्दी ओसरली, कारण गावच्या साध्या माणसांना संस्कृत कळत नव्हते. वडील मात्र शब्दाला जागून गप्प राहिले.

हा पेच कसा सुटला, याची कथा पैठणमध्ये आजही रंगवून सांगितली जाते. एका विधवा बाईने हजार ब्राह्मणांना भोजन घालायचा संकल्प केला होता. गरिबीमुळे तो फिटत नव्हता. एकट्या नाथांना जेवू घातले की हजारांचे पुण्य मिळेल, असे तिला कोणी सांगितले. तिच्या आग्रहावरून नाथ तिच्या घरी जेवायला तयार झाले. वडिलांचा नेम मोडू नये म्हणून हरिपंडिताने स्वतः स्वयंपाक केला. जेवण झाल्यावर नाथांनी मुलाला उष्टी पत्रावळ उचलायला सांगितले. त्याने एक उचलली तर खाली दुसरी, दुसरी उचलली तर तिसरी, अशा हजार पत्रावळी निघाल्या. हरिपंडिताचा अभिमान गळाला आणि त्याने वडिलांना पुन्हा मराठीत पुराण सुरू करण्याची विनंती केली.

या कथेत वाद नाथांनी युक्तिवादाने जिंकलेला नाही. ते दूर गेलेल्या मुलाकडे चालत गेले, त्याच्या अटी पाळत त्याच्याजवळ राहिले आणि त्याच्या मनात बदल होईपर्यंत थांबले. वडील म्हणून त्यांचे मोठेपण या थांबण्यात आहे. रूढीशी भांडण करणाऱ्या माणसाला घरातही तोच कडकपणा दाखवावासा वाटतो. नाथांनी तो मोह टाळला.

नातवंडे

नाथांचे आजोबापण त्यांच्या दोन नातवांमुळे विशेष स्मरणात आहे. हरिपंडिताचा मुलगा राघोबा हा आजोबांचा लाडका. दुसरा मुक्तेश्वर. हा नाथांच्या मुलीचा मुलगा. आईचे नाव काही ठिकाणी लीला, तर काही ठिकाणी गोदावरी असे येते. मुक्तेश्वर लहानपणी मुका होता आणि आजोबांच्या कृपेने त्याला वाचा फुटली, अशी आख्यायिका आहे.

वाचा कशीही आलेली असो, या नातवाने मराठीला जे दिले ते डोळ्यांसमोर आहे. मुक्तेश्वरांनी महाभारत मराठी ओव्यांत आणले. त्यांची आदि, सभा, वन, विराट आणि सौप्तिक ही पाच पर्वे आज उपलब्ध आहेत. 'संक्षेप रामायण'ही त्यांच्या नावावर आहे. निसर्गवर्णन, संवाद आणि प्रसंग जिवंत करण्याची हातोटी यांमुळे मराठी आख्यानकाव्यात त्यांचे स्थान पहिल्या रांगेत मानले जाते. आजोबांनी भागवत आणि रामायण मराठीत आणले आणि नातवाने महाभारत हाती घेतले. आजोबांकडून नातवाकडे भाषा जाते तेव्हा तिच्याबरोबर कामही जाते, याचे इतके ठळक उदाहरण मराठी साहित्यात क्वचितच सापडेल. चक्रपाणींनी पोरक्या नातवावर केलेली माया दोन पिढ्या ओलांडून अशी फळाला आली.

षष्ठी, रांजण आणि पालखी

१५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी पैठणला गोदावरीत देह ठेवला. शेवटचे कीर्तन करून ते नदीच्या पात्रात शिरले, असे परंपरा सांगते. ही तिथी नाथांसाठी आधीच पवित्र होती. जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेला दत्तांचा अनुग्रह, नाथांची आणि त्यांची भेट, स्वामींचे निर्वाण आणि अखेर नाथांचे निर्वाण या पाचही घटना परंपरा याच तिथीला मानते. म्हणून तिला पंचपर्व षष्ठी म्हणतात.

पैठणला नाथांची दोन स्थाने आहेत. गावातला नाथवाडा म्हणजे त्यांचे राहते घर, तर गोदाकाठचे समाधी मंदिर हे बाहेरचे नाथ. घर आणि समाधी दोन्ही पूजेला लागल्यामुळे भाविक आधी एका गृहस्थाच्या घरात येतो. वाड्यात दगडी रांजण आहे. देवाने श्रीखंड्या नावाच्या गड्याचे रूप घेऊन बारा वर्षे या घरी पाणी भरले, अशी श्रद्धा आहे. तुकाराम बीजेला हा रांजण भरायला सुरुवात होते. बायाबापड्या, पोरे, म्हातारी माणसे गोदावरीचे पाणी कळशी-घागरीने आणून त्यात ओततात. ज्याच्या घागरीने रांजण भरून वाहू लागतो, त्याच्या रूपाने देव पाणी भरून गेला असे मानून त्याचा मान केला जातो. कोणाच्या घागरीने रांजण भरेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक घागरीला सारखीच किंमत येते. नाथांच्या पंगतीचा नियम रांजणाजवळ अजून पाळला जातो.

षष्ठीला दिंड्यांनी पैठण भरून जाते. सप्तमीला छबिना निघतो आणि अष्टमीला सूर्यास्ताच्या वेळी काल्याची दहीहंडी फुटून उत्सव संपतो. पुढे ज्येष्ठ वद्य सप्तमीला नाथांची पालखी पैठणहून पंढरपूरला प्रस्थान ठेवते आणि आषाढ शुद्ध दशमीला पोचते. ही वारी मुलाने, हरिपंडितांनी, वडिलांच्या पादुका घेऊन सुरू केली, असे परंपरा सांगते. ज्या मुलाला वडिलांची मराठी सोसवली नव्हती, तोच त्यांच्या पादुका घेऊन मराठी अभंगांच्या गजरात पंढरीची वाट चालला. पालखीचा मान आजही नाथांच्या वंशजांकडे आहे.

आधुनिक मराठवाड्यानेही नाव जपले. पैठणजवळच्या जायकवाडी धरणाचे काम १९६५ मध्ये सुरू झाले आणि १९७६ मध्ये ते पूर्ण होऊन लोकार्पण झाले. त्याच्या जलाशयाला नाथसागर हे नाव मिळाले. तहानेल्या गाढवाला पाणी पाजणाऱ्या माणसाचे नाव मराठवाड्याची तहान भागवणाऱ्या पाण्याला लाभले. १९३५ मध्ये व्ही. शांताराम यांनी प्रभात फिल्म कंपनीसाठी नाथांच्या जीवनावर 'धर्मात्मा' हा चित्रपट काढला. त्यात बालगंधर्वांनी एकनाथांची भूमिका केली.

आठवण टिकते कशी

नाथांचे पहिले विस्तृत चरित्र केशवस्वामींनी १७६० मध्ये लिहिले. ताहराबादच्या महिपतींनी 'भक्तविजय' (१७६२) आणि 'भक्तलीलामृत' (१७७४) या ग्रंथांत नाथांच्या कथा ओवीबद्ध केल्या. म्हणजे निर्वाण आणि पहिले मोठे चरित्र यांच्यात सुमारे एकशे साठ वर्षे, निदान पाच-सहा पिढ्या, गेल्या. एवढ्या काळात ही आठवण वंशजांच्या सांगण्यातून, कीर्तनकारांच्या तोंडून, षष्ठीच्या पंगतीतून आणि वारीच्या वाटेवरून जिवंत राहिली. वाटेत तिला चमत्कारांची जोड मिळाली. जन्मवर्षाबद्दल अभ्यासकांत मतभेद राहिले, मुलीचे नाव दोन तऱ्हांनी सांगितले जाऊ लागले. स्वभावाची रेघ मात्र कोणत्याही कथेत बदलली नाही. पै शोधणारा, किल्ला राखून गप्प राहणारा, लेकराला उचलणारा आणि मुलासाठी काशीपर्यंत चालत जाणारा हा एकच माणूस आहे.

यातून घरोघरच्या स्मरणासाठी एक साधी वाट दिसते. तिथी पाळावी, नाव घ्यावे, पण त्याबरोबर त्या माणसाने कोणासाठी काय केले हे मुलांना सांगावे आणि वेळेत लिहून ठेवावे. वडील-आजोबांचे बोल त्यांचेच म्हणून जपावेत, पदरचे घालू नये. त्यांच्या तिथीला एखादे पान उपाशी माणसासाठी वाढावे. सोळाव्या शतकातल्या पैठणच्या एका गृहस्थाने वडिलांचे श्राद्ध असेच केले होते, आणि मराठवाड्याला ते अजून आठवते.